बिस्किटांच्या डब्यातले कागद

माझी मुलगी तेल अविवच्या एका कलाशाळेत शिकत होती आणि दुसऱ्या वर्षी नापास झाली. चित्रं काढण्यात माणूस नापास कसा होतो हे मला आजही नीट समजलेलं नाही. तीन मास्तर येतात, वर्षभराचं काम बघतात, आपसांत कुजबुजतात आणि निकाल सांगतात. तिला त्यांनी सांगितलं, "काम नेटकं आहे, पण यात तू कुठे आहेस?" समोर एवढी धडधाकट पोर उभी होती ती त्यांना दिसली नाही, याचा मला भयंकर राग आला. रागावून काही उपयोग नव्हता. तिला आणखी एक संधी मिळणार होती आणि विषयही मास्तरांनीच दिला होता: प्रवास. तेही काम पसंत पडलं नाही तर शाळा सुटणार आणि तिचा बाप तिला हॉस्पिटलच्या कचेरीत टायपिंगला चिकटवणार, असं घरात ठरलं होतं. ठरलं म्हणजे त्यानं ठरवलं होतं. 

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आम्ही तेल अविवजवळ पेताह तिक्वा गावात तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. मी हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात चादरींना इस्त्री करत असे, नवरा एका कारखान्यात लेथवर होता, आणि सासरे, ज्यांना आम्ही सगळे बाबा म्हणत असू, ते दिवसभर गॅलरीत बसून खालच्या पोरांना मराठीत दम भरत. पोरांना एक अक्षर कळत नसे. आम्ही मूळचे कोकणातले ज्यू, आणि मुंबई सोडून आम्हाला वीस वर्षं होत आली होती. आलो तेव्हा मुलगी अडीच वर्षांची होती. मराठी तिला सगळी कळे, पण उत्तर हिब्रूत येई. मी मराठीत रागवायचे, ती हिब्रूत उलटं बोलायची, आणि भांडण दोघींना बरोबर समजायचं.

मला ती हिब्रूतच 'इमा', म्हणजे आई, म्हणे. एका शुक्रवारी सकाळी ती आली आणि म्हणाली, "इमा, बिस्किटांचा डबा कुठंय?"

हा डबा मुंबईहून आलेला. त्यात आमच्या घरातले सगळे कागद असत: पासपोर्ट, देवी टोचल्याचे दाखले, शाळेची प्रगतिपुस्तकं, कुपात होलीमची, म्हणजे आजारफंडाच्या दवाखान्याची कार्डं. हिब्रूत छापलेला कुठलाही कागद घरात आला की मी तो घडी घालून डब्यात टाकायचे. वाचता येत नसे, म्हणूनच जपून ठेवायचे. भाजी घेण्यापुरती आणि इस्त्रीवालीच्या कामापुरती हिब्रू मला येत होती. डॉक्टरांचं अक्षर वाचण्याइतकी कधी आली नाही.

तिला त्यातले तेवढेच कागद हवे होते ज्यांच्यावर तिचं जन्मस्थान मुंबई असं लिहिलं होतं. त्यांचे फोटो काढून ती काचेच्या छोट्या चौकटी करणार होती, आणि प्रोजेक्टरनं त्या भिंतीवर एकामागून एक पडणार होत्या. शिवाय टेपरेकॉर्डरवर आवाज, शिवाय घरातल्या वस्तू. शाळेत याला काहीतरी लांबलचक नाव होतं. मी त्याला भेळ म्हणायचे.

"आणि तू बोलायचंस," ती म्हणाली. "आपण इथे कसे आलो ते. पहिल्यापासून, सगळं."

मी डब्याचं झाकण लावून टाकलं. का ते सांगते.

माझ्या मुलीला डाव्या कानानं ऐकू येत नाही. सहा वर्षांची असताना शाळेतल्या बाईच्या ते लक्षात आलं. कुपात होलीमच्या डॉक्टरनं कानात बत्ती घालून पाहिलं, खांदे उडवले आणि म्हणाला, लहानपणी कसलासा ताप आला असेल. नवऱ्याला ते पटलं. मी मात्र तिथेच थिजले. कारण कुठला ताप, ते मला ठाऊक होतं.

मुंबई सोडायच्या दिवशी पोरीचं अंग सकाळपासून तापलं होतं. खोली परत दिलेली, नवऱ्यानं नोकरी सोडलेली, भांडीकुंडी वाटून टाकलेली. विमानतळावर एक डॉक्टरीण रांगेतल्या लहान मुलांच्या कपाळांना हात लावून बघत होती. पुढच्या एका बाईला तिनं बाजूला काढलं. तिचं पोर आजारी होतं, त्यांचं जाणं राहिलं. नवरा आणि बाबा सामानापाशी होते. मी नळाखाली रुमाल भिजवला, त्यावर कोलनवॉटर ओतलं, आणि आमची पाळी येईपर्यंत पोरीच्या कपाळावर दाबून धरला. डॉक्टरीण आली तेव्हा कपाळ गार लागलं. तिनं पोरीचा गालगुच्चा घेतला आणि आम्हाला पुढे सोडलं.

तेव्हाच मी मनात एलियाहू हनाबीला नवस बोलले: पोर सुखरूप पोचू दे, पहिल्या आठवड्यात तुझा मलिदा करीन. आम्हा बेने इस्राएल लोकांत सुखदुःखाच्या प्रसंगी त्या संदेष्ट्याच्या नावानं ताट मांडतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं, आणि प्रार्थना झाली की ते सगळ्यांना वाटायचं. विमानभर पोरगी माझ्या छातीवर भट्टीसारखी तापून पडली होती आणि सारखी डावा कान ओढत होती. पोचल्यावर दोन दिवसांनी ताप उतरला. मलिदा मी केला नाही. आधी पोहे मिळेनात म्हणून, मग मिळायला लागले तेव्हा दुसऱ्या कारणानं. मलिद्याला बसलं की प्रार्थना म्हणणारा वडीलधारा विचारतो, नवस कुणाचा आणि कशासाठी. त्याचं उत्तर मला चारचौघांत देता आलं नसतं. आणि कानाचं कळल्यावर तर मी त्या हनाबीवरच रुसले. मला वाटलं, मी मलिदा दिला नाही म्हणून त्यानं आपल्या हातानं काय ते घेतलं.

ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती. नवऱ्यालाही नाही. पोरीच्या उजव्या बाजूला बसायचं एवढं मात्र मी शिकले. जेवताना, बसमध्ये, लग्नाकार्यात, मी कायम तिच्या उजवीकडे. कधी नजर तिच्या त्या कानावर जाई. ती वळून म्हणे, "काय?" मी म्हणे, "काही नाही." असं हजार वेळा झालं असेल.

तर ती टेपरेकॉर्डर घेऊन स्वयंपाकघरात बसली आणि मी बोलले. खोलीचं सांगितलं, शेजारणी रडल्या ते सांगितलं, विमानातल्या बाईनं पोरीला गोळ्या दिल्या ते सांगितलं. इथे उतरल्यावर पहिल्यांदा एवढी मोठी संत्री पाहिली आणि बाबांनी ती पपनस समजून मीठ मागितलं, तेही सांगितलं. तिनं बटण बंद केलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

"एवढंच?"

"मग आणखी काय पायजे? चालत आलो नव्हतो आपण."

"छान आहे," ती म्हणाली. तिच्या मास्तरांनीही तिला आधी असंच, नेटकं म्हटलं होतं, ते मला आठवलं. ती गेल्यावर मी भांडी इतक्या जोरात घासली की नवरा आत डोकावून गेला. काम अपुरं आहे हे तिला दिसत होतं. उरलेलं माझ्याजवळ होतं, आणि मी ते देत नव्हते. दिलं तर ती पास होईल की नाही कुणास ठाऊक, पण माझ्याकडे पुन्हा पहिल्यासारखी बघणार नाही, याची मला खात्री होती.

परीक्षेच्या दोन दिवस आधी तिनं आणखी एक मागणी केली. "मलिद्याचं ताट करून दे. खरं. पण फक्त बघायला." शेजारच्या घरी झालेल्या मलिद्यात बाबांनी म्हटलेली प्रार्थना तिनं कधीतरी टेप केली होती. माझं बोलणं संपलं की ती लागणार आणि मधोमध ताट असणार. नाही कसं म्हणणार? रामल्याला आपल्या एका माणसाच्या दुकानात पोहे मिळत, तिथून मागवले. पहाटे उठून नारळ खवला. हात नेहमीच्या सवयीनं चालत होते आणि मी त्यांना बजावत होते की हा मलिदा नाही, हे चित्र आहे.

शाळेनं सांगितलं होतं की घरच्यांनी यायला हरकत नाही. आमच्याकडे घरचे म्हणजे आख्खी बिल्डिंग. बाबा, नवरा आणि आमच्या जिन्यावरची दहा-बारा म्हातारी-कोतारी माणसं इस्त्रीचे कपडे घालून सकाळीच बसथांब्यावर हजर झाली. मास्तर अकराला येणार होते. आम्ही साडेनऊला पोचलो, कारण बसचा काही भरवसा नाही असं सगळ्यांचं मत होतं. त्या दिवशी बस नेमकी वेळेवर आली.

मुलीला तळघर मिळालं होतं. पूर्वी तिथे कापडाचं कोठार होतं. मी आत शिरले. तीन भिंती पांढऱ्या, रिकाम्या, त्यांच्यावर चित्रं पडायची होती. मधोमध एका चौरंगावर माझी शाल, विमानात मी पोरीला जिच्यात गुंडाळलं होतं तीच, आणि शालीवर ताट. खोलीच्या उजव्या बाजूला आवाजाचं एक मोठं खोकं होतं. डाव्या बाजूलाही तसंच खोकं होतं, पण त्याची वायर कशालाच जोडलेली नव्हती. मी तिला वायरीचं विचारलं. ती म्हणाली, "ते तसंच आहे. मला जसं ऐकू येतं तसं." मी तिथून दुसरीकडे गेले आणि उगीच शालीची घडी सारखी केली.

दहा वाजता तिनं सगळं एकदा चालवून पाहायला घेतलं आणि प्रोजेक्टरचा दिवा फट् करून गेला.  दुसरा दिवा नव्हता. वरच्या मजल्यावर कुणाकडे असेल म्हणून ती धावली. जाता जाता टेपचं बटण दाबलं, निदान आवाज तरी बरोबर आहे का बघ म्हणाली, आणि दारातून ओरडली, "इमा, कुणाला कशाला हात लावू देऊ नको. राखण कर."

"बेसेदेर," मी म्हटलं. ठीक आहे.

टेप सुरू झाली. माझा आवाज आला. आपलाच आवाज बाहेरून ऐकायला किती खोटा वाटतो, ते मला तेव्हा समजलं. खोली, शेजारणी, संत्री. म्हातारी माणसं माना डोलवत होती, पपनसाला हसलीसुद्धा. मग माझं संपलं आणि बाबांची प्रार्थना लागली.

पुढे जे झालं ते कुणी ठरवून केलं नाही. एलियाहू हनाबीचं नाव कानावर पडलं तसे पुरुषांचे हात खिशात गेले आणि टोप्या बाहेर आल्या. बायकांनी डोक्यावरून पदर घेतले. बाबा चौरंगापाशी सरकले आणि टेपमधल्या स्वतःच्याच आवाजात आवाज मिसळून म्हणू लागले. बाकीचे ओळीओळीला आमेन देत होते. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, तेही मोजून भरत होते. समोर ताट होतं, वर पाच फळं होती, वास वेलचीचा होता. त्या क्षणी आम्ही कुठल्या शाळेत आहोत हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात नव्हतं, माझ्याही नाही. मी माझ्या जागी उभी राहून आमेन म्हणत होते.

प्रार्थना संपली. टेप खरखरत थांबली. बाबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "नवस कोणाचा?"

"माझा," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. वीस वर्षं धरून ठेवलेलं असं निघून गेलं.

कशासाठी ते विचारायचं विसरून बाबांनी मान हलवली आणि फळावरची बराखा, म्हणजे आशीर्वचन, म्हटली. मी चौरंगापाशी गेले, आणि ज्या ताटाची राखण मला सांगितली होती ते माझ्या या हातांनी वाटलं. प्रत्येकाच्या ओंजळीत मूठ मूठ. एक म्हातारी म्हणाली, "खोबरा जरा जास्ती घातलास, पन झक्कास झालाय." दुसरीनं घरी सुनेसाठी म्हणून रुमालात वेगळा घेतला. ताटात दोन-तीन मुठी आणि केळ्याचे काप उरले तेव्हा दार उघडलं.

मुलगी दारात उभी होती, हातात दिवा. तिच्या मागे तिघे मास्तर. दोन पुरुष आणि एक पांढऱ्या बारीक केसांची बाई, जिचं नाव घेतलं तरी माझ्या पोरीचा घास अडकत असे. आमची सगळी माणसं तोंड हलवत त्यांच्याकडे बघत होती.

"इमा," मुलगी म्हणाली.  तिनं ओरडायला हवं होतं.  मला वाटलं, हनाबीनं एकदा कान घेतला, आता शाळाही घेतली.

बाबांना मास्तर म्हणजे कोण हे माहीतच नव्हतं. दारात पाहुणे आले म्हणजे त्यांना देणं आलं. त्यांनी उरलेल्यातली एक मूठ उचलली आणि त्या बाईच्या हातावर ठेवली. बाईनं हाताकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि खाल्लं. मग चावत चावतच मुलीला विचारलं, "हे तुझ्या कामाचा भाग आहे?"

माझ्या मुलीनं खोटं बोलायला हरकत नव्हती. मी असते तर बोलले असते. ती म्हणाली, "नाही. हे फक्त बघायला होतं. यांनी खाल्लं."

"का?"

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी माझ्या मोडक्या हिब्रूत म्हटलं की नवस होता. कसला, बाईनं विचारलं. मी सुरुवात हिब्रूत केली आणि दुसऱ्याच वाक्याला शब्द संपले, तशी मराठीत शिरले. मुलगी एकेक वाक्य हिब्रूत करून मास्तरांना सांगू लागली. तिनं ते सवयीनं केलं, दवाखान्यात माझ्यासाठी करायची तसं.

मी म्हटलं, विमानतळावर एक डॉक्टरीण होती. तिनं सांगितलं. मी म्हटलं, आजारी मुलांना ती मागे ठेवत होती. तिनं सांगितलं. मी म्हटलं, माझ्या पोरीला ताप होता, मी तिच्या कपाळाला ओला रुमाल लावला आणि त्या डॉक्टरणीला फसवलं. ती अर्धं वाक्य सांगून थांबली.

"कुठल्या पोरीला?" तिनं मला विचारलं. मराठीत.

"मला काय चार पोरी आहेत?"

मग मी थांबले नाही. तिनं सांगणं सोडून दिलं होतं, मास्तरांना काही कळत नव्हतं, तरी मी बोलत होते. विमानात तू कान ओढत होतीस. तोच हा कान. तेव्हा तुला डॉक्टरांकडे नेलं असतं तर तुला दोन्ही कानांनी ऐकू आलं असतं. मी नेलं नाही, कारण विमान चुकलं असतं. तू टेपवर सगळं सांग म्हणालीस तेव्हा मी हे गाळलं. नवरा भिंतीला टेकून उभा होता, त्यानं टोपी काढून हातात घेतली. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते.

 मुलगी प्रोजेक्टरपाशी गेली, जळका दिवा काढला, नवा बसवला. दोनदा तो नीट बसला नाही, तिसऱ्यांदा बसला. मग बटण दाबलं. भिंतीवर माझा पासपोर्ट आला, त्यात मांडीवर ती. खट्. देवीचा दाखला. खट्. शाळेचं पुस्तक. प्रत्येकावर जन्मस्थान मुंबई. आणखी पाच-सहा कागद गेले आणि एक साधा, निळ्या शाईतला कागद येऊन थांबला. तो मी ओळखला. इथे मुलींनाही सैन्यात जावं लागतं; अठराव्या वर्षी त्या भरतीच्या वैद्यकीय तपासणीहून ती घेऊन आली होती तो. टेबलावर टाकून म्हणाली होती, "मला ऑफिसात बसवणार आहेत." मी तिला काही विचारलं नव्हतं. कानाबद्दल मी कुणालाच काही विचारत नसे. घडी घालून डब्यात ठेवला होता.

"हे वाच," ती म्हणाली.

"मला कुठं वाचता येतं?"

ती भिंतीपाशी गेली. कागदाचा उजेड तिच्या तोंडावर आणि सदऱ्यावर पडला. तिनं एका ओळीवर बोट ठेवलं आणि उजवीकडून डावीकडे सरकवत मराठीत सांगू लागली, शब्द शोधत शोधत. डावा कान. आतलं हाड. पुरं बनलं नाही. मग तिचं बोट थांबलं. "जन्मापासून," ती म्हणाली. "इमा, जन्मापासून. तापाचा काय संबंध? त्यांनी फोटो काढून बघितलं. मला विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का. मी म्हटलं, आजोबांना. बघ, इथे लिहिलंय. आजोबा, डावा कान."

मी त्या भिंतीकडे बघत राहिले. मला तिथे निळ्या रेघोट्यांपलीकडे काहीच वाचता येत नव्हतं, पण मी बघत राहिले. चार-पाच वर्षं हा कागद माझ्या कपाटात, माझ्या डब्यात होता. दर पेसाह सणाच्या साफसफाईला मी तो डबा पुसत होते.

"तू मला सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं.

"तू विचारलं का नाहीस?"

बाबांना आता कुठे कळलं की बोलणं त्यांच्यावर आलं आहे. त्यांचा डावा कान गिरणीतल्या मागांच्या आवाजानं गेला, ही त्यांची चाळीस वर्षांची हकीगत होती. पाहुणा आला की ती निघायची. "माजा कान गिरनीनं खाल्ला," ते म्हणाले.

"बाबा, तुमची आय तुम्हाला दोनदा हाक मारायची, तुम्हीच सांगता," नवरा म्हणाला. "गावात कुठं व्हती गिरणी?"

बाबा विचारात पडले. हातातला मलिद्याचा घास तसाच राहिला. "तेबी खरं," ते म्हणाले, आणि त्यांची हकीगत हातची गेली म्हणून जरा नाराजही दिसले. मला हसू आलं. हसता हसता मी खाली बसले, चौरंगापाशी, शालीवर डोकं टेकून, आणि मग ते हसू राहिलं नाही. माझा जीव त्या दिवशी खऱ्या अर्थानं भांड्यात पडला. मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. जन्मापासूनचं म्हणजे ते तुमच्या घराण्याचं, माझ्याकडचं नाही, हे मी नवऱ्याला तिथल्या तिथे सुनावलं. त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

मास्तर बिचारे उभेच होते. मुलीनं त्यांना सगळं हिब्रूत सांगितलं, ताप, रुमाल, कागद. सांगताना तिचा आवाज दोनदा फाटला आणि तिनं तो आवरला नाही. पांढऱ्या केसांची बाई डावीकडच्या खोक्यापाशी गेली, तिनं ती कशाला न जोडलेली वायर हातात घेऊन पाहिली आणि खाली ठेवली. मग तिघे बाहेर गेले. आम्ही जिन्यावर बसून राहिलो. म्हाताऱ्यांनी केळ्याचे काप संपवले. आता काय व्हायचं ते होवो, असं मला पहिल्यांदाच वाटत होतं, आणि त्याची मला लाजही वाटत होती, कारण शाळा माझी नव्हती, तिची होती.

अर्ध्या तासानं ती बाई आली. चित्रं धूसर आहेत, ती म्हणाली, दिवा हलतो, टेपची सुरुवात लांबते. एवढं ऐकून माझं डोकं फिरायला लागलं होतं. मग ती म्हणाली, पास. पुढच्या महिन्यात हे लोकांसाठी मांडायचं. ताट रिकामं ठेवायचं, खाल्लेलं, जसं आहे तसं. आणि आईनं पुन्हा बोलायचं, या वेळी सगळं.

"अन् मलिदा रोज कोण करनार?" एका म्हातारीनं विचारलं. तिला समजावून सांगेपर्यंत बस यायची वेळ झाली.

परतीच्या बसला गर्दी होती. आमची माणसं मिळेल तिथे शिरली. मुलीला उजव्या खिडकीशी जागा मिळाली आणि तिच्या शेजारची जागा रिकामी होती. ती तिच्या डाव्या अंगाला. इतक्या वर्षांत मी त्या बाजूला कधी बसले नव्हते. नवरा मागे सरकून म्हणाला, इकडे ये. मी म्हटलं, राहू दे, आणि तिथेच बसले. मांडीवर रिकामं ताट आणि शाल. ती खिडकीबाहेर बघत होती. मी तिच्या कानाकडे बघितलं. चांगला कान आहे, बाबांसारखा, पाळी जरा लांब. रस्ताभर बघत राहिले.

तिला ते जाणवलं. वळून म्हणाली, "काय?"

"काही नाही," मी म्हटलं. आणि खरंच काही नव्हतं.